खुंटीवरचा पंचा

नंदुरबारच्या मिरची बाजारामागे कांडप यंत्र चालवणारे चाचा यंत्राच्या खडखडाटावर ओरडूनच बोलायचे. यंत्र बंद असलं तरी आवाज तोच! त्यांच्या दाराशी खुंटीवर एक ओला पंचा लटकलेला असे. बाहेरगावचा कुणी ठसक्याने बेजार झाला की चाचा तो पुढे करत आणि ओरडत, "पाव्हना, किती दिन शेस आठे?" इथे किती दिवस मुक्काम, हा त्यांचा बाहेरच्यांसाठीचा ठरलेला प्रश्न. आम्ही गावची पोरं शेजारी उभी राहून दात काढायचो. आम्हाला साधी शिंकही यायची नाही.

मी जर्मनीला शिकायला निघाले तेव्हा त्यांनी मिरची दोनदा कांडून दिली. "तठला लोके शिंकतीन. तू हासजो." तिथे मी फोडणी टाकली की सोबतच्या मुली धावत खिडक्या उघडायच्या, आणि चाचांच्या आठवणीने मला खरंच हसू यायचं.

शिक्षण, इंटर्नशिप सगळं उरकून परतले आणि दुसऱ्याच दिवशी कांडपावर गेले. दारात पाय ठेवला आणि असा ठसका लागला की डोळ्यांना धारा. चाचांनी यंत्र थांबवलं. हसले नाहीत. पंचा पिळून माझ्या हातात दिला आणि कधी नव्हे ते हळू आवाजात विचारलं, "किती दिन शेस आठे, बेटा?"