थोडक्यात हुकलेला आकडा

“म्याडम, याच्यावर कुनीतरी करनी केली बघा,” सुमनताईंनी भावाला माझ्यासमोर बसवत सांगितलं.

भाऊ म्हणजे गजानन. बाविशीतला, वारंगा फाट्यावर जीप चालवणारा. आदल्या दिवशी भरलेली जीप उन्हात सोडून तो ऑनलाइन लॉटरीच्या सेंटरमध्ये शिरला, तो बाहेरच येईना. पॅसेंजर वैतागून उतरून गेले. आता मालक चावी परत मागत होता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. ऑनलाइन म्हणजे टपरीतला कॉम्प्युटर. आकडा लावायचा, थोड्या वेळात निकाल स्क्रीनवर. मी हिंगोलीत सरकारी दवाखान्यात समुपदेशक होते.

डॉक्टर म्हणाले, “गोळी लिहितो, पाठवून द्या. ओपीडी तुंबलीय.”

“थोडा वेळ द्या, सर.”

ताईंना बाहेर बसवून गजाननला विचारलं, “काहून जातो रे तिथं?”

“आकडा जवळ येऊन राहिला, म्याडम. मी सत्तेचाळीस लावला, निघाला अठ्ठेचाळीस. आता लागतोच बराबर.”

याला आम्ही ‘निअर मिस’ म्हणतो. थोडक्यात हुकलं की मेंदू ती हार धरतच नाही.

“नांदेडची गाडी एका मिनिटानं हुकली, तर नांदेडला पोचतोस का?”

तो हसला. “न्हाई.” मग खाली बघत म्हणाला, “पोलीस भरतीतून दोनदा वापस आलो. घरी कुनी बोलत न्हाई, पर कळतं. तिथं पहिल्याच दिवशी आकडा लागला. समदे म्हनले, गज्या, तुझा हात चालतो!”

दुखणं इथं होतं.

त्याला विचारून मालकाला फोन लावला.

“जुगाऱ्याला गाडी देऊ काय?”

“गाडी द्या, फक्त स्टँड बदला. फाट्यावर नको, डोंगरकडा गावात उभी करू द्या. तिथं लॉटरीचं सेंटर नाही.”

मालक कुरकुरत तयार झाला. गजाननला सांगितलं, ओढ दुधासारखी वर येते. तेवढा वेळ कुणाशी तरी बोलत राहा, खाली बसते. ताईंना सांगितलं, चांगलं काही केलं की तोंडावर कौतुक करा.

पुढच्या महिन्यात तो एकटाच आला. “म्याडम, काल गेलतो तिथं.”

मला बरंच वाटलं. लपवणारा माणूस सांगायला येत नाही.

त्यानंतर तो गेला नाही. वेळेवर येणारा ड्रायव्हर म्हणून डोंगरकड्यात त्याचं नाव झालं. लग्नाच्या वऱ्हाडाला लोक त्यालाच बोलवायला लागले. ताई पेढे घेऊन आल्या, डॉक्टरांनी दोन खाल्ले.

अशा पोरांना अक्कल शिकवायला गाव तयार असतं. अक्कल त्यांना असतेच. कौतुक कुठून मिळतंय, तेवढं बघावं.