परीक्षक क्रमांक दोन

थोरले जावई माणूस म्हणून वाईट नव्हते, पण दुसऱ्याचं बरं झालं की त्यांच्या पोटात दुखायचं. शेजाऱ्यांनी खिडक्या रंगवल्या, तर हे आठवडाभर त्या रंगात शिसं किती असतं ते सांगत फिरले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक असल्यामुळे त्यांच्या जळण्यालाही शास्त्रीय आधार असायचा, एवढंच.

त्यांचा विषय होता थेंब. फवारलेल्या औषधाचा थेंब पानावरून घसरतो का, आणि तो टिकावा म्हणून औषधात काय मिसळावं, यात त्यांचा उभा जन्म गेला होता. सासरी हा विषय निघाला की सासरे टीव्हीचा आवाज वाढवत.

धाकट्या जावयांचं तसं नव्हतं. थोरल्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहायचा. त्याने बिनचालकाची एक फवारणी गाडी केली. गाडीने कॅमेऱ्यातून तण ओळखायचं आणि तेवढ्यावरच औषध मारायचं. सासऱ्यांनी तिचा व्हिडिओ लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही दाखवला. थोरल्यांचा थेंब आजवर कुणी कुणाला दाखवला नव्हता.

आणि एके दिवशी एका संशोधन मासिकाने त्यांच्याकडे तपासायला एक लेख पाठवला. या धंद्यात लेख छापण्याआधी दोन-तीन जाणकार तो तपासतात. लेखकाचं नाव त्यांना कळू देत नाहीत आणि त्यांचं लेखकाला. पण लेखात गाडीचा फोटो होता. घरच्या ग्रुपवर रोज सकाळी बघावी लागणारी गाडी थोरले ओळखणार नाहीत?

‘हा माझा साडू आहे, लेख दुसऱ्या कुणाकडे द्या,’ एवढं कळवायचं होतं. त्यांनी कळवलं नाही. त्यांनी दार लावून घेतलं आणि लेख चाळणीतून काढला. चूक सापडलीच. थेंब पानावर पडला म्हणजे टिकला, असं साडू धरून चालला होता. थोरल्यांना अगदी न्हाल्यासारखं वाटलं. त्यांनी लिहिलं, ‘लेखकांना पान म्हणजे काय हे ठाऊक नसावं. ओल्या पानांवर, जून पानांवर, वाऱ्यात, असे सगळे प्रयोग पूर्ण हंगामभर पुन्हा करावेत. तोवर लेख छापण्याच्या लायकीचा नाही.’ हंगामभर चिखल तुडवायला लागला की संगणकवाला पळून जाईल, हा हिशेब होता.

साडू पळाला नाही. त्याने हंगामभर चिखल तुडवला. ओल्या पानावरून औषध ओघळून जातं हे त्याला दिसलं, तशी त्याने गाडीला पानाचा ओलेपणा बघून थांबायला शिकवलं. औषध निम्म्यावर आलं. लेख छापून आलाच, शिवाय वर्षातलं सर्वोत्तम संशोधन म्हणून बक्षीसही मिळालं.

समारंभाला अख्खं सासर हजर होतं. थोरले तोंडात मारल्यासारखे दुसऱ्या रांगेत बसले होते. साडू बोलायला उभा राहिला.

“हे बक्षीस खरं तर माझं नाही,” तो म्हणाला. “आमचा लेख तपासणारे परीक्षक क्रमांक दोन, त्यांचं आहे. फार कडक बोलले. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. पण माझी चूक त्या एकाच माणसाला दिसली. थेंब कसा बघायचा ते मला त्यांनी शिकवलं. ते कोण, याचा मला अंदाज आहे. नाव घेणार नाही.”

आणि त्याने पहिल्या रांगेत बसलेल्या, थोरल्यांच्या निवृत्त विभागप्रमुखांकडे बघितलं. लोकांनीही तिकडे बघितलं. विभागप्रमुखांनी आधी मागे वळून पाहिलं, मग मान खाली घालून, मंद हसत टाळ्या घेतल्या. सासरे तर उभे राहून वाजवत होते.

थोरल्यांच्या अंगाचा नुसता भडका उडाला. त्या माणसाने जन्मात पान बघितलं नव्हतं! साडूचं बक्षीस एक वेळ पचलं असतं. पण आपण मन लावून केलेला दुष्टपणा दुसऱ्याच्या नावावर चांगुलपणा म्हणून जमा होतोय, हे त्यांच्याने सोसवेना.

ते बायकोच्या कानाशी लागले. “अगं, तो मी होतो.”

“कोण?”

“परीक्षक. क्रमांक दोन. ती चूक मी काढली.”

बायकोचे वाजणारे हात थांबले. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

“त्याला पाडायला ना?”

टाळ्या अजून चालूच होत्या.

“बाबांना सांगतो,” ते शेवटी म्हणाले. “त्यांना तरी कळू दे.”

“सांगा,” ती समोर बघत म्हणाली. “पण धाकटीला नका सांगू. ती ते उपकारच समजेल आणि इथेच सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडेल. ते मला बघवणार नाही.”