गोधडीच्या पोटातला घास

आमच्या घरात सहा गोधड्या आहेत आणि थंडीत आम्ही सगळे सोलापुरी चादरी पांघरून झोपतो.

कारण सरळ आहे. सहाही गोधड्या माझ्या हातच्या आहेत आणि सहाही अर्धवट आहेत. पहिली मी लेक वैशाली पोटात असताना सुरू केली होती. आज वैशालीला दोन लेकरं आहेत आणि गोधडीला दोनच कडा आहेत. (तिसरी कड घातली होती, पण ती वाकडी गेली म्हणून उसवली. उसवायला मात्र मला कधी वेळ कमी पडत नाही.) गोधडी सुरू करायला माझ्याइतकी उत्साही बाई अख्ख्या टेंभुर्णीत सापडणार नाही. जुनी लुगडी धुऊन, वाळवून, ओसरीवर एकावर एक अंथरायची, वारं लागू नये म्हणून एका कोपऱ्यावर वरवंटा आणि दुसऱ्यावर दळणाचा डबा ठेवायचा, मोठ्या सुईत दोरा ओवायचा. इथपर्यंत मी कुणाला ऐकत नाही. मग पहिल्या कडेवर दहा टाके पडतात न पडतात तोच कुणाला तरी चहा हवा असतो.

शिवाय मी अंगणवाडीताई. सकाळी चाळीस लेकरांचं वजन करा, दुपारी रजिस्टर भरा, संध्याकाळी घरी या तर मालक कापूस वेचणाऱ्या बायांसाठी पाण्याची कळशी मागत दारात उभे. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, एवढ्याच वर्षांत गल्लीतल्या निम्म्या घरांना गोधड्या शिवून देऊन मोकळ्या झाल्या. आता त्यांची सुई ओवण्यापुरती नजर गेली. दातही गेले, पण त्यांच्या जागी कवळी आली. नजरेच्या जागी त्यांनी माझ्यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली.

आता गोधडीच्या पोटाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा कळणार नाही. गोधडी कडेकडेनं शिवत शिवत मधे आणायची असते. शेवटी अगदी मधोमध तळहाताएवढं एक ठिगळ उरतं. त्याची एक बाजू उघडी असते. ते गोधडीचं पोट. तिथे भाकरीचा एक घास ठेवायचा, हळदीकुंकू वाहायचं आणि मगच पोट शिवून टाकायचं. उपाशी गोधडी अंगावर घेऊ नये, घेतली तर घरात कुणी ना कुणी उपाशी राहतं, असं आत्याबाईंचं ठाम मत. म्हणूनच माझ्या गोधड्या कुणी वापरत नाही. सहाच्या सहा उपाशी!

त्यातली सहावी मात्र पोटापर्यंत आली होती. ती लहान होती, बाळाची. वैशालीची थोरली, ओवी, हिच्या बारशाला न्यायची म्हणून घेतलेली. आत्याबाईंच्या मऊसूत लुगड्यांचे सहा थर, वर वैशालीच्या शाळेच्या गणवेशाची ठिगळं. सगळं झालं, पोट राहिलं आणि बारसं येऊन ठेपलं. मग मी जालन्याहून एक घोंगडीएवढं केसाळ ब्लँकेट विकत नेलं, त्यावर वाघाचं तोंड होतं. परतूरला, वैशालीच्या सासरी, आमच्या विहीणबाईंनी ते पाळण्यात अंथरलं आणि आल्यागेल्या प्रत्येक बाईला, आमच्या विहीणबाईंनी नातीला वाघ दिला, असं हसून सांगितलं. त्या वाघानं मला सहा वर्षं सुखानं झोपू दिलं नाही.

या सहा वर्षांत ती अर्धवट गोधडी आत्याबाईंच्या उशाशी घडी करून पडून होती, आणि तिच्या उघड्या पोटाचा आमच्या घराला फार उपयोग झाला. टीव्हीचा रिमोट तिथे. मालकांची फवारणीच्या औषधाची चिठ्ठी तिथे. आत्याबाईंची मिश्रीची डबी तिथे. (दात नकली असले तरी मिश्रीची सवय अस्सल आहे.) घरात काही हरवलं की आधी गोधडीच्या पोटात हात घालायचा, हे पाहुण्यांनासुद्धा ठाऊक झालं होतं.

तर यंदा कापूस वेचणीच्या ऐन धांदलीत वैशालीला मुलगा झाला. बातमीचा फोन खुद्द विहीणबाईंचा. नातवाचं वजन सांगितलं, जावळ सांगितलं, मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "यंदा गोधडी येऊन राह्यली ना, का आणू बाजारातून?"

मी म्हणाले, येणार. बाराव्या दिवशी बाळ माझ्याच गोधडीवर निजेल. बोलून गेले आणि फोन ठेवल्यावर बोटांवर दिवस मोजले. पण आता माघार नव्हती. यावेळी गोधडी गेली नसती तर परतूरला मला उरलेला जन्म वाघवाली विहीण म्हणूनच काढावा लागला असता.

बारसं रविवारी होतं. बुधवारी मी सगळ्यांसमोर गोधडीचं पोट रिकामं केलं. रिमोट, डबी, चिठ्ठी, दोन बटणं, ओवीनं उन्हाळ्यात ठेवलेली अर्धी गोळी आणि मालक मागच्या पोळ्यापासून शोधत होते ते बैलाच्या शिंगाच्या गोंड्याचं एक टोक. मग मी फर्मान काढलं. आजपासून या गोधडीत कुणी काडी जरी ठेवली तर त्याचा चहा बंद, मग तो माणूस वयानं कितीही मोठा असो. हे शेवटचं मी आत्याबाईंकडे पाहून म्हणाले. त्यांनी निमूटपणे डबी कनवटीला लावली.

गुरुवार पोरांची वजनं करण्यात गेला. शुक्रवारी दिवे लागायच्या वेळी मी घरी आले तर वीज गेलेली, मालक शेतात आणि आत्याबाई शेजारच्या शेळीला आमच्या कडब्यातून हाकलायला परसात गेलेल्या. घरात कुणी नाही, कुणाला चहा नको! असा योग सव्वीस वर्षांत आला नव्हता. मी गोधडी उचलली आणि दारातल्या उजेडाला बसले. दुपारच्या भाकरीचा घास मोडून पोटात सारला, हळदीकुंकू लावलं आणि भराभर टाके घातले. आत काहीतरी उंच लागत होतं खरं. पण लुगड्याची घडी गोळा झाली असेल म्हणून मी वरून चार थापट्या मारल्या आणि शेवटची गाठ दिली.

ती गाठ दिल्यावर मला जे वाटलं ते सांगते. मला रडू आलं. मग मी ती गोधडी दोन्ही हातांवर घेऊन गल्लीत निघाले आणि घराघरात दाखवून आले. परत येते तर दारात आत्याबाई. गोधडी पाहून त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावला. त्यांचंही मन भरून आलं, असं मी समजले.

जेवताना त्यांनी भाकरी दुधात कुस्करून मागितली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तोंडात कवळी नाही. कुठे ठेवली, म्हणून विचारलं तर त्यांनी दोन्ही हात हवेत उडवले. झालं! बारशाला दोन दिवस आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचे दात बेपत्ता. त्यात पाळणा म्हणायचा मान आत्याबाईंचा. आमच्या पाहुण्यारावळ्यांत कुणाचंही बारसं असो, त्यांच्या पाळण्याशिवाय पोराला नाव मिळत नाही.

शनिवारी मी घर उलटंपालटं केलं. पिठाचे डबे चाळले, पाण्याची टाकी उपसली. मालकांनी गव्हाणीत हात घालून म्हशीच्या पुढ्यातला चारा विस्कटला आणि म्हशीच्या तोंडाकडे फारच संशयानं पाहिलं. त्यानंतर त्यांचा शेजारच्या कुत्र्यावर वहीम गेला, तो त्यांनी शेजाऱ्याला बोलूनही दाखवला, आणि आता शेजारी आमच्याशी बोलत नाही. या सगळ्या गोंधळात एकटं एक माणूस शांत बसून होतं. ज्यांचे दात हरवले होते ते! मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण गोधडी पूर्ण झाल्याच्या आनंदात माझं डोकं जाग्यावर नव्हतं.

रविवारी आम्ही जीप करून परतूर गाठलं. विहीणबाईंनी गोधडी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, टाके मोजावेत तसे न्याहाळले आणि म्हणाल्या की सुरेख झाली आहे. वैशालीनं तिच्या गणवेशाच्या निळ्या ठिगळावर हात फिरवला आणि माझ्याकडे बघून हसली. त्या क्षणी मला कुणी टेंभुर्णीचं सरपंचपद दिलं असतं तरी मी नको म्हणाले असते.

मग गोधडी पाळण्यात घातली, बाळाला वर ठेवलं. बाळानं टाहो फोडला. उचललं की गप्प. ठेवलं की पुन्हा टाहो. बायका म्हणाल्या भूक लागली असेल. वैशालीनं पाजून आणलं, ठेवलं, पुन्हा तेच. शेवटी विहीणबाईंनी पाळण्यात हात घालून गोधडी चाचपली. त्यांचा हात मधोमध येऊन थांबला.

"विहीणबाई, पोटात काय घातलं वं हिच्या?"

मी अभिमानानं सांगितलं की भाकरीचा घास. आमच्यात तसा रिवाज आहे.

"भाकर लै कडक दिसून राह्यली."

"शाळूची आहे," मी म्हणाले. माणूस इज्जत वाचवायला काय वाट्टेल ते बोलतं.

विहीणबाईंनी माझा हात धरून त्या जागेवर ठेवला. मी दाबून पाहिलं. शाळूच्या भाकरीला असा गोल आकार नसतो आणि ओळीनं टोकंही नसतात. मी सावकाश मान वळवून आत्याबाईंकडे पाहिलं. त्या पदराआडून वरच्या पंख्याकडे बघत होत्या. पंखा बंद होता.

पुढचं चाळीस बायकांच्या देखत झालं. ब्लेड मागवलं गेलं. विहीणबाईंनीच टाके कापले, आत दोन बोटं घातली आणि आत्याबाईंची कवळी बाहेर काढली. वरची आणि खालची, एकमेकींवर घट्ट बसलेली, आणि दोन्हींच्या मधे, दातांखाली, मी घातलेला भाकरीचा घास!

मग कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं आणि त्यापाठोपाठ पाळण्याची दोरी हलेल इतकं सगळं घर हसलं. घास ठेवलेल्या गोधड्या त्या बायकांनी पुष्कळ पाहिल्या असतील, पण घास चावून खाणारी गोधडी परतूरनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

आत्याबाईंनी कवळी मागून घेतली, तांब्यातल्या पाण्यानं धुतली, तोंडात बसवली आणि मगच बोलल्या.

"म्या दुपारी निजताना ठेवल्ती. सवय! शेळी आली म्हून तशीच पळाले. येऊन बघते तं तू पोट शिवून गल्लीत गेल्ती."

मला ते पटेना. चहा बंद होईल म्हणून घाबरलात की काय, असं मी विचारलं.

"चहाला कोन भिऊन राह्यलं? सव्वीस वर्सांत पहिल्यांदा तुझ्या हातून एक गोधडी पुरी झाली सुनंदे. रडत होती तू गाठ मारून, बाजूच्या वहिनीनं सांगितलं मला. मंग दातासाठी ती उसवायला लावू? दोन दिस दूध-भाकर खाल्ली, बिलकुल मेले न्हाई."

दोन दिवस ही बाई दूध-भाकरीवर मुकी बसली होती आणि मी तिच्या उशाखाली, डब्यांत, म्हशीच्या तोंडात दात शोधत होते. मला लाज वाटली, आणि मला त्या इतक्या आवडल्या की सगळ्यांसमोर त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनी, लुगडं चुरगळून राह्यलं, म्हणून मला बाजूला केलं.

आता प्रश्न उरला गोधडीचा. पोट पुन्हा उघडं, म्हणजे गोधडी पुन्हा उपाशी. निवाडा विहीणबाईंनीच केला. म्हणाल्या, हिनं तर दोन दिवस घास तोंडात धरून ठेवला होता, हिच्याइतकी पोटभरली गोधडी दुसरी कुठली? उसवलेलं ठिगळ आत दुमडून त्यांनी बाळाला वर निजवलं. बाळ झोपलं. आत्याबाईंनी खणखणीत आवाजात सगळा पाळणा म्हटला, एक कडवं गाळलं नाही.

निघताना विहीणबाईंनी गोधडीची घडी माझ्या हातात दिली. घरी नेऊन तेवढं पोट शिवून पाठवा म्हणाल्या, चार टाक्यांचं तर काम.

बाळ आता रांगायला लागलं आहे. गोधडी आत्याबाईंच्या उशाशी आहे. तेवढे चार टाके घालायला मी काल दुपारी मुद्दाम सुट्टी काढून बसले, सुई घेतली, दोरा घेतला, पण चष्मा काही केल्या सापडेना. दोन तास घर पालथं घातलं आणि सगळ्यांवर तोंडसुख घेतलं. शेवटी मालक उठले आणि त्यांनी गोधडीच्या पोटात हात घालून माझा चष्मा बाहेर काढला. तो तिथे मीच ठेवला होता. आज सकाळपासून माझा चहा बंद आहे.