हुआंगशानच्या रांगेत काढलेले बूट

गेल्या रविवारी चीनमध्ये, हुआंगशान नावाच्या डोंगरावर, मी एका झाडासमोर बूट काढून उभा राहिलो. हसलात तरी चालेल... नंतर मीही हसलो.

मी वडगाव रासाईचा. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. नवीन मशीन शिकून यायला कंपनीने मला आणि आमच्या गणेशला तिकडे पाठवलं होतं. सुट्टीच्या दिवशी गणेश म्हणाला, "साहेब, रूमवर बसून भिंतीच बघणार का? चला, डोंगर बघून येऊ."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो... माझी पत्नी मंदा मागच्या हिवाळ्यात गेली. आमच्या प्राजक्ताचं लग्न तिच्यासमोरच ठरलं होतं. आमच्याकडे घरात असं काही झालं की लग्न वर्षाच्या आत करतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. वर्ष भरत आलं होतं आणि मी हो म्हणत नव्हतो, नाहीही म्हणत नव्हतो.

मंदाचे भाऊ बाळासाहेब राहू गावात शेती करतात. त्यांनी कितीदा तरी विचारलं. "दाजी, तारीख धरा. कन्यादानाला मी आन् ही बसतो. तुम्ही कायबी काळजी करू नका." कन्यादानाला जोडपं लागतं, मी एकटा बसू शकत नाही... ते मला ऐकवत नसे. मी म्हणायचो, "कांदा कसाय यंदा?"

तर तो डोंगर. चढ म्हणजे सगळ्या दगडी पायऱ्या. दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि जिथे मूठभर माती दिसत नाही तिथून पाइनची झाडं बाहेर आलेली. शेंडे सपाट, कोणी कात्रीने कापावेत तसे. खाली ढग. विमानातून ढग पाहिले होते, पण पायी चालत त्यांच्या वर पोचलो ते पहिल्यांदाच.

मी फोटो काढला आणि मंदाला पाठवायला म्हणून तिचं नाव शोधायला लागलो. अजून होतं असं...

पायऱ्या चढून गणेशची अवस्था वाईट होती. "साहेब, उतरताना मला ढकलून द्या नुसतं. गडगडत जातो."

वर एक जुनं पाइनचं झाड फार प्रसिद्ध आहे. त्याची एक फांदी पुढे आलेली, दारात उभं राहून कोणी 'या' म्हणावं तशी. भोवती कठडा आणि समोर मोठी रांग. लोक शिस्तीत पुढे सरकत होते. जवळ पोचले की कपडे नीट करत होते, केस सावरत होते. मला वाटलं, दर्शनाची रांग आहे.

नंबर जवळ आला तसे मी बूट-मोजे काढून बाजूला ठेवले. दगड बर्फासारखा गार होता. हात जोडले, डोळे मिटले. काय मागावं ते सुचेना. 'मंदा, मला एकट्याला हे जमत नाही'... एवढंच मनात आलं.

"साहेब! आवो साहेब!" मागून गणेश. "हितं देव न्हाई! झाड हाय नुसतं. लोकं फोटोला थांबल्यात!"

डोळे उघडले तर सगळी रांग माझ्याकडे बघत होती. कान गरम झाले. आणि बूट जागेवर नव्हते.

माझ्या मागे एक आजी होत्या, माझ्या सासूबाईंच्या वयाच्या. बूट कोणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून त्यांनी उचलून हातात धरले होते. दुसरा हात आडवा करून त्यांनी रांग थांबवून ठेवली होती. मागून कोणी तरी कुरकुरलं, तर आजींनी त्याला झापलं. शब्द कळले नाहीत, पण सूर अगदी आपल्याकडचा.

मी शेजारच्या दगडी बाकावर बसलो. पायऱ्यांनी गुडघे आखडले होते, वाकताच येईना. आजींनी ते पाहिलं. त्या सरळ खाली बसल्या आणि माझ्या पायात मोजा चढवायला लागल्या. मी पाय मागे घेतला. "नको, नको, आजी, राहू द्या," मराठीतच म्हणालो. वडीलधाऱ्या बाईने आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे... त्यांनी पोटरीवर एक चापट मारली आणि पाय पुढे ओढून घेतला.

गणेश म्हणाला, "साहेब, गप बसा. म्हातारी ऐकायची न्हाई."

मी पाय तसाच ठेवला. त्यांनी दोन्ही लेस नीट बांधल्या. मला एकदम भरून आलं... वर्षभर मी कोणालाच काही करू दिलं नव्हतं. शेजारून डबा आला तरी 'आहे घरात' म्हणून परत. बाळासाहेबांना तर बोलूच दिलं नाही. ते कुठे माझी जागा मागत होते? बहिणीची जागा रिकामी दिसू नये म्हणून त्यांची धडपड होती. त्यांचीही बहीण गेली होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

निघताना मी कसाबसा वाकून आजींच्या पाया पडलो. त्यांना वाटलं माझं काही पडलंय, त्या खाली शोधायला लागल्या. सगळे हसले. मी पण.

हॉटेलवर आल्या आल्या राहूला फोन लावला. बाळासाहेब कांद्याला पाणी देत होते, मोटरचा आवाज येत होता.

"बाळासाहेब, तारीख काढा. कन्यादानाला तुम्ही आणि वहिनी बसा."

त्यांनी मोटर बंद केली. मग म्हणाले, "बसतो, दाजी." नाक ओढल्याचा आवाज आला, आणि एकदम मोठ्याने, "तिकडं थंडी असंल. स्वेटर घालता का न्हाई?"

परत आल्यावर प्राजक्ताला मी स्वतः सांगितलं. तिने आत जाऊन दोघांसाठी चहा टाकला.

त्या आजींचं नाव मला माहीत नाही. धन्यवाद म्हणायचं राहून गेलं, आणि म्हटलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. लग्नात मंगलाष्टकांना मी बाजूला उभा असेन... तेव्हा मुलीच्या डोक्यावरची पहिली अक्षता त्या आजींच्या नावाने टाकणार आहे.