अण्णांचं दुसरं गाव

कॉम्प्युटरवरचा तो खेळ बाजारात आला त्या दिवशी मी ऑफिसला पोट बिघडल्याचं कळवलं. ऑफिस पुण्यात आणि मी शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात, त्यामुळे पोटाची चौकशी करायला कुणी दारात येण्याची भीती नव्हती. पोट ठणठणीत होतं. बिघडली होती ती रेंज. लॅपटॉप गच्चीवर टाकीच्या आडोशाला ठेवला आणि खेळ इंटरनेटवरून उतरण्याची वाट बघत बसले. मधे लाइट गेली, आली, पुन्हा गेली. आई वाळवण पलटायला वर आली तेव्हा म्हणाली, "लग्नासाठी एवढी वाट बघितली असतीस तर आत्तापर्यंत झालं असतं." घरी राहून नोकरी करण्याचे असे फायदे असतात.

खेळ असा होता : मध्ययुगातल्या युरोपात एक मोकळा माळ, त्यावर मोजकी कुटुंबं, एक तंबू आणि एक बैल. तुम्ही तिथले जहागीरदार. घरं बांधायची, शेती लावायची, बाजार उभा करायचा आणि माळाचं शहर करायचं. खेळ बनवणाऱ्या कंपनीनं सुरुवातीलाच प्रामाणिकपणे लिहिलं होतं की खेळ अजून अर्धवट आहे, पुढची कामं सवडीनं होतील. मला गहिवरून आलं. आमच्या तालुक्यात अर्धवट कामाला पूर्ण झाल्याचा दाखला मिळतो, वर फलकसुद्धा लागतो.

पहिल्या हिवाळ्यात माझी रयत गारठली, कारण सरपणाची सोय करायच्या आधी मी चर्चसाठी शोभिवंत जागा शोधत होते. चर्च फार देखणं दिसत होतं. त्याच्या पायऱ्यांशी माणसं कुडकुडत उभी होती. मी ते गाव पुसलं आणि नवं सुरू केलं. एवढी सोय तर मंत्र्यांनाही नसते.

नव्या गावाच्या पहिल्याच उन्हाळ्यात अण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिले. अण्णा म्हणजे माझे वडील. ते बरीच वर्षं गावचे सरपंच होते आणि नुकतेच हरले होते, तेही आमच्याच भावकीतल्या एका सुनेकडून. पोरगी शिकलेली, दारोदार फिरून मतं मागितलेली. अण्णा प्रचाराला गेलेच नाहीत. लोक ओळखतात, असं त्यांचं म्हणणं होतं. लोक ओळखत होते, हेच पुढे निकालात दिसलं.

हरल्यापासून ते ओट्यावरच्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत असत. पूर्वी त्या ओट्यावर बसायला जागा मिळायची नाही. आता अण्णा आणि त्यांचा एक जुना कार्यकर्ता, एवढीच सभा उरली होती. कार्यकर्ताही निष्ठेनं येत होता की दुसरीकडे कुणी बसू देत नव्हतं म्हणून, ते आम्ही कधी विचारलं नाही.

"हे कोणचं गाव बाई?" अण्णांनी विचारलं.

"माझं."

"अन् तो रस्ता वाकडा कावून काढलास?"

"आपला तरी कुठं सरळ आहे?"

"आपल्याला मधी लोकांचे बांध आडवे येतेत. तुला काय झालतं?"

मी त्यांना समजावलं की इथे बांध नाहीत, सात-बारा नाही, जागेसाठी कुणी कोर्टात जात नाही. बोट दाखवायचं आणि घर बांधायचं. अण्णांनी खुर्ची ओढून घेतली. मग मी त्यांना जमिनीखालचं पाणी दाखवलं. एक बटण दाबलं की पाणी असलेली जागा निळी दिसायची, त्यावर विहीर ठेवली की झालं, आणि ती विहीर कधी आटायची नाही. आमच्या शिवारात पाणाड्या हातात नारळ घेऊन फिरतो, तो उभा राहील तिथे बोअर घ्यायचं आणि मग धूळ निघालेली बघत बसायचं, असा प्रकार. अण्णा कितीतरी वेळ त्या निळ्या डागाकडे बघत राहिले.

"लई सोपं ठिवलंय यांनी," ते म्हणाले, आणि माझ्या हातातला माऊस काढून घेतला.

मला वाटलं होतं, पाच मिनिटांत कंटाळतील. दुसऱ्या दिवशी माझी ऑफिसची मीटिंग संपायच्या आत ते दारात हजर. तिसऱ्या दिवशी कार्यकर्त्यालाही घेऊन आले. दिवसभर लॅपटॉपवर मी कंपनीचं काम करायचे आणि चहाच्या वेळेपासून तो ओट्यावर येऊन जहागिरीत जमा व्हायचा. कार्यकर्त्यानं ही बातमी पारावर नेली असावी, कारण आठवडाभरात आमच्या ओट्यावर पुन्हा चपला दिसू लागल्या. निवडणुकीत ज्यांनी अण्णांना पाडलं, तेही अण्णांचं नवं गाव बघायला येऊ लागले. सल्ला द्यायला तर कुणालाच लाज वाटत नव्हती.

अण्णांनी सगळ्यात आधी स्वतःचा गढीवजा वाडा बांधला. गावातल्या बिचाऱ्यांना अजून तंबूच होता. मग वाड्यासमोर रस्ता, त्यानंतर लोकांची घरं. मग कमान शोधली. खेळात कमान नव्हती. त्यांनी मला पुन्हा पुन्हा सगळी बटणं उघडायला लावली.

"एवढा मोठा खेळ केला अन् कमान न्हाई? मग गावात शिरताना कळावं कसं कुणाचं गाव हाय?"

विहिरीला निळा डाग दोन ठिकाणी होता, एक घरांच्या मधोमध, दुसरा वाड्याच्या दारात. अण्णांनी विहीर कुठे घेतली हे सांगायची गरज नाही. कार्यकर्ता म्हणाला, "ब्येस्ट. येता-जाता माणसं तरी भेटतेल." त्यानंतर अण्णांना कराचं बटण सापडलं. ग्रामसभा नाही, कोरम नाही, ग्रामसेवकाची सही नाही. फक्त बटण सरकवायचं. मी त्यांना इतकं खूश शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवेना.

खेळात वरच्या कोपऱ्यात लोकांच्या समाधानाचा आकडा दिसतो. तो उतरत होता. मी दोन-तीनदा दाखवला. अण्णा म्हणाले, "लोकं कुरकुर करतेतच. मतदानाला येतेत बरोबर."

"अण्णा, इथे मतदान नाही."

"मग तर काळजीच न्हाई."

एका संध्याकाळी ओटा भरलेला असताना पडद्यावरच्या गावातलं एक कुटुंब निघालं. घरातून बाहेर पडलं, वाड्याच्या दारातल्या विहिरीवरून पुढे गेलं, आणि अण्णांनी सरळ करून घेतलेल्या रस्त्यानं नकाशाच्या कडेकडे चालू लागलं. त्यांच्या मागे दुसरं. त्याच्या मागे तिसरं.

"हे कुठं चाललेत बे?" कुणीतरी विचारलं.

"कारखान्याला चालले असतेल," कार्यकर्ता म्हणाला. "दिवाळी झाली का तिथली?"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. आमच्या गावातून दिवाळी झाली की निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पोरं, शेळ्या, कोंबड्या, सगळं एकावर एक चढवलेलं असतं. इतकी वर्षं अण्णा त्या दिवशी फाट्यावर उभे राहून प्रत्येक ट्रॉलीला हात करत आलेत. ते त्यांच्या सरपंचकीतलं महत्त्वाचं काम होतं, आणि मनापासून केलेलंही.

"परत कधी येतेत हे?" त्यांनी मला विचारलं.

"येत नाहीत. गेले ते गेले."

"पावसाच्या आधी बी न्हाई?"

"नाही."

"घरं हायती की त्यांची हितं."

"घरं राहतात. माणसं नाही येत."

पडद्यावर वाडा दिमाखात उभा होता, विहीर तुडुंब होती आणि बैल एकटाच एका लाकडाच्या ओंडक्यापाशी थांबला होता. त्याला हाकायला कुणी उरलं नव्हतं.

आई आतून पोळ्या करता करता ऐकत होती. "पाण्याला एवढं लांब कोण येईल?" ती म्हणाली. "त्या खालच्या वस्तीवरच्या बाया आपल्या दारातल्या हापशाला येतेत, त्या काय तुमचं तोंड बघायला येतेत का?" खालच्या वस्तीवर मेंढरं राखणारी घरं आहेत. हापसा अण्णांच्या पहिल्या कारकिर्दीत आला आणि कसा कोण जाणे, आमच्याच दारात पाणी लागलं होतं.

अण्णा जेवले, ताट सरकवलं आणि झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर आले नाहीत. मला चक्क काळजी वाटली. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला आले आणि म्हणाले, "नवं गाव काढ. आधी हीर."

या वेळी विहीर घरांच्या मधोमध घेतली. कर शून्यावर ठेवला. वाडा बांधलाच नाही, त्याची जागा मात्र राखून ठेवली. सरपण आधी, चर्च नंतर. समाधानाचा आकडा चढत गेला आणि अण्णा त्या आकड्याकडे निकालाच्या दिवसासारखे बघत राहिले.

त्याच सुमारास नव्या सरपंचबाई घरी आल्या. पाण्याच्या नव्या टाकीची जागा ठरवायची होती आणि अण्णांना न विचारता ठरवली असती तर अण्णांनी ग्रामसभेत काय केलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. डोक्यावर पदर घेऊन त्या ओट्याच्या कडेला उभ्या राहिल्या. अण्णांनी खुर्ची द्यायला सांगितली. मग घसा साफ केला आणि फार मोठ्या अनुभवातून बोलावं तसं बोलले.

"टाकी खालच्या वस्तीजवळ घ्या. पाणी लांब असलं की लोकं नाराज होतेत. एकदा गेलेली माणसं परत येत न्हाईत."

सरपंचबाईंनी विचारलं, "अण्णा, मग तुमी असताना हे कावून न्हाई सुचलं?"

"तवा ह्यो खेळ आलता का?" अण्णा म्हणाले.

मी हसू दाबायला घरात गेले. बाहेर सरपंचबाई मोठ्यानं हसत होत्या आणि अण्णाही.

टाकी खालच्या वस्तीजवळ झाली. पायाभरणीच्या नारळाला अण्णांना बोलावलं होतं. त्यांनी नारळ फोडला, शाल घेतली आणि भाषणात टाकी तिथे व्हावी ही आपली जुनीच इच्छा असल्याचं सांगितलं. मेंढपाळांच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांनी हंडा उतरणार असेल तर एवढं खोटं कुणीही ऐकून घेईल.

नंतर अण्णा रोज सकाळी काम बघायला जाऊ लागले. मिस्त्री हळू काम करतो, मजूर सारखे विडीला बसतात, अशी तक्रार घेऊन परत यायचे.

"त्या खेळात एवढ्यात चार घरं उभी राहिली असती," ते एकदा म्हणाले.

"तिथल्या माणसांना सुट्टी नसते, अण्णा. बोलताही येत नाही त्यांना."

"तेच म्हणतोय मी," अण्णा म्हणाले आणि आईला विचारू लागले की खालच्या वस्तीवर एकूण किती मतं असतील.