चहा घेतल्याबिगर

माणसानं विवेकाच्या आधारानं जगावं, असं मी आयुष्यभर मानत आलोय. कुणी भुताखेतांचा अनुभव सांगू लागलं, की मी गोष्ट सोडून सांगणाऱ्याचा चेहरा पाहतो. त्या दुपारी मात्र माझा सगळा विवेक एका पितळी कडीत अडकला होता...

जालना रोडच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. मे महिना, बायको ऑफिसला. कूलरच्या वाऱ्यानं दार आपटतं म्हणून मी खोलीला आतून कडी घातलेली. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला.

आई परभणीहून पहिल्यांदाच एकटी येत होती. तिला मुकुंदवाडी स्टेशनवरून आणायचं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शुगर, आणि पत्ता विचारला तर ‘पोराचं घर’ एवढंच सांगणार.

थोडा वेळ होता, म्हणून कॉम्प्युटरवर ऑनलाइन गेम उघडला. त्यात लोक घरं बांधतात. अनोळखी घरात शिरून रोलप्ले करायचा, म्हणजे कुणाचं तरी सोंग घेऊन बोलायचं, हा माझा छंद. कधी मी मीटर रीडिंगवाला, कधी मुलगी पाहायला आलेला मामा. समोरचे बहुधा शिव्या देतात, नाहीतर नाचायला लागतात. समाजाचं इतकं प्रामाणिक दर्शन इतरत्र होत नाही.

त्या दिवशी एक पत्र्याचं घर दिसलं. दारात नऊवारीतली बाई. मी टाइप केलं, “मावशी, ओळखलंत का? गंगापूरहून आलो.”

“ये बाबा. लई दिवसानं आलास. बस, चहा टाकते.”

मी आत गेलो. मागं दार लागलं. या गेममध्ये दार फक्त घरमालकाला उघडता येतं.

“नको मावशी, आत्ताच घेतला.”

“असं कसं? चहा घेतल्याबिगर जायचं नाय.”

छान खेळतेय, म्हटलं. पण गाडीची वेळ झाली होती, म्हणून गेम बंद करून उठलो. कडी सरकेना. जोर लावला, पट्टीनं ठोकलं, शेजाऱ्यांना हाका मारल्या. मे महिन्यातल्या दुपारी आमच्याकडे कुणी हाकेला उठत नाही. बायकोला मेल टाकला. ती मेल पाहते तेव्हा तो इतिहास झालेला असतो. तिकडं आई फलाटावर, उन्हात...

गेम पुन्हा उघडला — कुणीतरी माणूस तर दिसेल. मी त्याच घरात बसलेलो.

“कुठं गेला होतास? चहा निवला.”

रोलप्लेत सोंग टाकायचं नसतं. मी पहिल्यांदाच टाकलं. “मावशी, खरंच सांगतो, आई स्टेशनवर एकटी आहे. जाऊ द्या.”

“तिला बसवलंय की. तिचा झाला पिऊन. तुझाच राहिला.”

मी चहा पिण्याचं बटण दाबलं.

“अजून अर्धा कप?”

नको म्हणायची हिंमत नव्हती. “द्या.”

तोही प्यायलो. गेममधलं दार उघडलं. “ये आता. आईला जप.”

आणि पाठीमागं कडी सरकल्याचा आवाज आला.

मी जिन्याकडे धावलो. आई कठड्याला धरून वर येत होती.

“आई! कशी आलीस?”

“रिक्षानं. स्टेशनवर एक बाई भेटली. चहा प्यायल्याबिगर सोडंना. तिनंच रिक्षावाल्याला तुझा पत्ता सांगितला.”

“कोण बाई?”

“मला काय ठावं? गंगापूरकडली म्हणाली. मी म्हटलं, पोरगं न्यायला यायचंय. तर म्हणे, त्याचा चहा व्हायचाय, तुम्ही व्हा पुढं.”

ते घर मला गेममध्ये पुन्हा सापडलं नाही. सुतारानं कडी दहादा उघडून दाखवली आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. मित्र म्हणतात, कुणीतरी चेष्टा केली. कडीची चेष्टा कशी करतात, ते त्यांनाही सांगता येत नाही. अनोळखी घरात मात्र आता मी शिरत नाही.

“चहा लई गोड होता,” आई म्हणाली होती. “नको नको म्हटलं तरी अजून अर्धा कप पाजला.”

दुसऱ्या दिवशी तपासलं. आईची शुगर वाढलेली निघाली.