नानांचं सूर्यफूल आणि कामसू जावई

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, अंगावर सांडेल. माझ्यासारखा कामसू जावई देवानं कोणाला देऊ नये.

माझी सासुरवाडी एरंडोलजवळची. सासरे, म्हणजे आमचे नाना, बियाण्यासाठी सूर्यफूल लावतात. त्यात मादी ओळींच्या फुलांना परागच नसतो. शेजारच्या नर ओळींचा पराग मिळाला, तरच त्यांच्यात बी भरतं आणि ते वाण पुढे टिकतं. हे आज माहीत आहे हो! तेव्हा मी काय पाहिलं? नाना एका मादी ओळीत शिरले, फुलावर बोट फिरवलं, बोट पिवळं झालं, आणि ते झाड उपटून बांधावर फेकलं.

"भेसळ शे," म्हणाले.

झालं. तेवढं ज्ञान मला पुरलं.

आता आमच्या खानदेशात जावयाला कामाला हात लावू देतात का? खाटेवर बसा, शेवभाजी खा, झोपा. बसून बसून मला माझीच लाज वाटायला लागली. एक दिवस भल्या पहाटे गुपचूप शेतात गेलो. बोट फिरवलं, पिवळं. उपटलं. पुढचं झाड, तेही पिवळं. ओळच्या ओळ भेसळीची! म्हटलं, नानांची नजर अधू झाली बिचाऱ्यांची.

नाना आले तेव्हा बांधावर ढीग होता आणि मी ऐटीत घाम पुसत होतो.

"नाना, बठ्ठं, अगदी सगळं साफ केलं."

जावयाला बोलायचं तरी कसं? टोपी काढून ते मटकन खाली बसले. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, नवऱ्या मांडवमा उभ्या शेतस, अन् तुम्ही बठ्ठा नवरदेव उपटी टाकात."

म्हणजे मी उपटली ती भेसळ नव्हती, नर ओळी होत्या! पुढच्या पेरणीचं बी यातूनच यायचं होतं. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी बायकोच म्हणाली, "फुलं अजून ताजी आहेत, पाण्यात ठेवू." घरातले हंडे, कळश्या, बादल्या सगळं शेतात आलं. उपटलेली फुलं पाण्यात उभी केली. रोज सकाळी सगळं घर कापडावर त्यांचा पराग घेऊन मादी फुलांवर हलकेच फिरवत होतं. मीसुद्धा, पण नाना माझ्या मागे मागे. बी कमी भरलं, तरी पुढच्या पेरणीपुरतं हाती आलं.

यंदा नानांचा फोन आला. आवाजात तीच माया.

"जावईबापू, सूर्यफूल फुलनं. मन्ही लेकले धाडी द्या. फुलं बठ्ठा सुकी गयात का मंग मी सोता तुमले लेवाले येसू."